दोन सख्ख्या उंदीर-प्रजातींची जोडी जमते का, हे तपासायचं कसं?

युरोपच्या नकाशावर डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पापासून थेट बल्गेरियातल्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत एक वेडीवाकडी रेघ ओढता येते. लांबी दोन हजार किलोमीटरहून जास्त, रुंदी मात्र किलोमीटरमध्ये फार तर दोन आकडी. रेघेच्या पश्चिमेला घरउंदराची डोमेस्टिकस ही उपप्रजाती राहते, पूर्वेला मस्क्युलस, आणि रेघेवर, म्हणजे संकर पट्ट्यात, दोघांची संकरित प्रजा. ही प्रजा हजारो वर्षांत दोन्ही बाजूंना पसरून सगळं एकजीव का झालं नाही? उंदरांनाच परका जोडीदार नको असतो, की तो चालतो पण पुढची पिढी नापीक निघते?

या प्रश्नावर काम करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विद्यार्थी असाल, क्षेत्रीय अभ्यासक असाल किंवा प्राणिघरात काम करत असाल, टप्पे तेच राहतात. सगळ्या टप्प्यांना सारखा वेळ लागत नाही, म्हणून लेखातही काही टप्पे लांबले आहेत आणि काही दोन ओळींत उरकले आहेत.

पायरी १ : एक नाही, तीन प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर तीन वेगवेगळे प्रश्न लिहा. संधी मिळाली तर प्राणी कोणाला निवडतो? प्रत्यक्षात समागम कोणाशी होतो? आणि त्या समागमातून जनुकं पलीकडच्या प्रजातीत पोहोचतात का?

या विषयातला निम्मा गोंधळ हे तीन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतो. मादीने एका नराचा वास जास्त वेळ हुंगला, की ‘तिने त्याला निवडलं’ असं लिहून मोकळे होतात. रानात एक संकरित पिल्लू सापडलं, की ‘या प्रजातींमध्ये पसंती-नापसंती नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोन्ही उड्या फसव्या आहेत.

उत्तर अमेरिकेतल्या पेरोमिस्कस वंशातली एक जोडी इथे फार उपयोगी पडते. पांढऱ्या पायांचा उंदीर, म्हणजे पेरोमिस्कस ल्युकोपस, आणि त्याचा सगळ्यात जवळचा नातलग कापूस-उंदीर, म्हणजे पेरोमिस्कस गॉसिपिनस. प्रयोगशाळेत या दोघांचा संकर सहज होतो आणि संकरित पिल्लांमध्ये मोजता येण्यासारखा अंगभूत दोष आढळत नाही. रानात मात्र एकाच अधिवासात राहूनही त्यांचा संकर क्वचितच होतो. दोघांनाही आपल्याच प्रजातीचा जोडीदार हवा असतो, आणि तीच खरी भिंत आहे. नुसता पिंजऱ्यातला संकर पाहिला असता तर उत्तर उलटं आलं असतं.

पायरी २ : आधी जोडीची कुंडली मांडा

प्रयोगाला हात लावण्याआधी दोन्ही प्रजातींबद्दल काही गोष्टी माहीत हव्यात.

पहिली गोष्ट गुणसूत्रांची. काळा उंदीर, रॅटस रॅटस, याच्या पेशीत ३८ गुणसूत्रं असतात, तर आशियाई काळ्या उंदराच्या, रॅटस टॅनेझुमीच्या, पेशीत ४२. व्होल उंदरांपैकी मायक्रोटस आर्व्हालिसमध्ये ४६ आणि त्याच्या जुळ्यासारख्या दिसणाऱ्या मायक्रोटस लेव्हिसमध्ये ५४. या दोन व्होलना नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखणं जवळपास अशक्य आहे. म्हणून ‘मी पाहून सांगतो’ हा आत्मविश्वास बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्राण्याची ओळख डीएनएवरून पक्की करा. बाकी सगळं काम त्या एका ओळखीवर उभं असतं.

गुणसूत्रांची संख्या वेगळी असली म्हणून संकर अशक्यच, असंही समजू नका. डोमेस्टिकस घरउंदराची नेहमीची संख्या ४० आहे, पण गुणसूत्रं जोडली गेल्यामुळे ती मदेरा बेटावर आणि आल्प्समध्ये ठिकठिकाणी बरीच कमी झालेली आढळते. ही सगळी एकाच उपप्रजातीची पिलावळ आहे.

मग काळ-वेळ पाहा. शीतनिद्रेतून उठणाऱ्या खारींचा विणीचा हंगाम जाग आल्यावर लगेच सुरू होतो आणि थोडक्यात आटोपतो. दोन प्रजाती काही आठवड्यांच्या फरकाने जाग्या होत असतील, तर त्यांची गाठच पडत नाही आणि पसंतीचा प्रश्न पुढे येतच नाही.

शेवटी आकारमान. एक प्रजाती अंगाने मोठी असेल तर नरांच्या मारामारीत तीच वरचढ ठरते. मग मादीने खरंच निवड केली, की दुसऱ्या नराला जवळच येऊ दिलं गेलं नाही, हे वेगळं काढण्याची सोय प्रयोगात आधीपासून हवी.

पायरी ३ : परवानगी आणि स्वतःचा जीव

प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि पकडण्याचा परवाना हातात आल्याशिवाय सापळा लावू नका. हवे तेवढेच प्राणी, शक्य तितका कमी त्रास आणि त्रास थांबवण्याची ठरलेली सीमा, या तीन गोष्टी अर्जात लिहाव्या लागतातच. त्या खरोखर पाळण्यासाठी लिहा.

कृंतकांचं, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचं, मूत्र, लाळ आणि लेंड्यांमधून गंभीर आजार पसरतात. १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात हंताव्हायरसमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, तेव्हा विषाणूचा मुख्य वाहक डिअर माउस, म्हणजे पेरोमिस्कस मॅनिक्युलेटस, असल्याचं निष्पन्न झालं. याच प्रजातीवर संकराचे पुष्कळ प्रयोग होतात. हातमोजे आणि नीट बसणारा श्वसन-मास्क वापरा. वाळलेल्या लेंड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाने ओल्या करून मग पुसा.

पायरी ४ : रानात नेमकं काय टिपायचं

सापळे दोन अधिवासांच्या सीमेला आडवे छेदणाऱ्या रांगेत लावा. कॅलिफोर्नियातल्या पॅकरॅटच्या दोन प्रजाती, निओटोमा ब्रायंटी आणि निओटोमा लेपिडा, याचं सुरेख उदाहरण आहेत. एका ठिकाणी खडकाळ टेकडीवर मोठ्या अंगाची ब्रायंटी आणि पायथ्याच्या वाळवंटी सपाटीवर लहानखुरी लेपिडा राहते. दोन्हींमधली सीमा इतकी अरुंद आहे की थोडं चाललं तरी प्रजाती बदलते. फक्त टेकडीवर किंवा फक्त सपाटीवर सापळे लावले असते, तर तिथला संकर पट्टा दिसलाच नसता.

अशा कामाला घडीचे अॅल्युमिनियमचे पेटी-सापळे बरे. आमिषाला शेंगदाण्याचं लोणी आणि ओट्स, आणि थंडी असेल तर आत कापूस नक्की ठेवा. रात्रभरात गारठून मेलेला उंदीर हा निष्काळजीपणाच असतो. पहाटे उजाडायच्या आत सापळे तपासा.

प्रत्येक प्राण्याच्या कानाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. वजन, शेपटीची आणि मागच्या पावलाची लांबी टिपा. नराचे वृषण उतरले आहेत का, मादी गाभण आहे का, स्तनाग्रं दुधाची आहेत का, हे लिहा. सापळ्याचा नेमका ठिकाणबिंदू आणि तारीख विसरू नका, कारण ‘त्याच रात्री पन्नास मीटरांत दुसऱ्या प्रजातीचा प्राणी होता का’ हा प्रश्न पुढे हमखास येतो.

माझ्या मते या टप्प्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गाभण मादी. तिला पिल्लं होईपर्यंत सांभाळा आणि तिच्यासह सगळ्या वेताचा डीएनए तपासा. बाप कोणत्या प्रजातीचा होता ते कळतंच, शिवाय बाप एक होता की अनेक, हेही कळतं. रानात घडलेल्या समागमाचा यापेक्षा थेट पुरावा मिळणं कठीण. मोठं झालेलं संकरित जनावर सापडतं तेव्हा त्याआधी किती संकरित पिल्लं मेली, हे कळत नाही. वेतात ते नुकसान अजून पुरतं झालेलं नसतं.

पायरी ५ : प्रयोगातल्या प्राण्याचं बालपण

पसंतीच्या चाचणीवर लोक खूप वेळ घालवतात आणि चाचणीत उतरणारा प्राणी कुठे, कोणाच्या कुशीत वाढला, याकडे काणाडोळा करतात. मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते.

वर आलेल्या पेरोमिस्कसच्या जोडीकडेच पुन्हा पाहा. तिथे पिल्लांची अदलाबदल करून पाहिली गेली, म्हणजे एका प्रजातीची पिल्लं दुसऱ्या प्रजातीच्या आई-बापांकडे वाढवली. कापूस-उंदराच्या पसंतीवर पालकांचा ठसा उमटत असल्याचं दिसलं. ज्यांनी वाढवलं त्यांच्यासारखा जोडीदार त्याला हवासा होतो. पांढऱ्या पायांच्या उंदरात मात्र एवढ्याने भागत नाही, आणखी काही घटक काम करतात. म्हणजे सख्ख्या भावंडांसारख्या दोन प्रजातींतही एकीची पसंती मुख्यतः शिकलेली आणि दुसरीची तशी नाही, असं असू शकतं.

तुम्हाला ही अदलाबदल करायची असेल तर जन्माच्या तारखेत एखाद्या दिवसाचाच फरक असलेली दोन वेतं निवडा. पिल्लांना नव्या घरट्यातल्या भुशात हलकेच घोळवा, म्हणजे त्यांना तिथला वास लागेल. काही वेतांची अदलाबदल त्याच प्रजातीच्या दुसऱ्या आईकडे करा. हा गट बरेच जण गाळतात आणि मग फरक परक्या आईमुळे पडला की नुसत्या हलवाहलवीमुळे, हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पांढऱ्या-काळ्या उंदरांवर हा अभ्यास करू नका. त्या वाणांचा जनुकसंच मुख्यतः डोमेस्टिकसचा असला तरी त्यात इतर उपप्रजातींचे तुकडे मिसळलेले आहेत. सी-फिफ्टीसेव्हन-ब्लॅक-सिक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या वाणाचं वाय गुणसूत्र तर मस्क्युलसकडून आलेलं आहे. संकराचा अभ्यास संकरितावरच करण्यात काय हशील?

प्राणिघराची मांडणीही पसंतीत लुडबुड करते. फक्त माद्यांचा कळप एकत्र ठेवला तर त्यांचं माजाचं चक्र मंदावतं. नराच्या मूत्राचा वास आला की ते पुन्हा सुरू होतं आणि अनेक माद्या एकदम माजावर येतात. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये दाखवलेला परिणाम तर संकराच्या प्रयोगाला थेट नडतो. नुकत्याच फळलेल्या घरउंदराच्या मादीला परक्या नराचा वास आला, तर तिचा गर्भ रुजण्याआधीच नाहीसा होऊ शकतो. म्हणून फळलेल्या माद्या वेगळ्या खोलीत ठेवा. नाहीतर ‘या संकरातून गर्भ राहत नाही’ असं लिहून बसाल आणि खरं कारण शेजारच्या पिंजऱ्यात असेल.

पायरी ६ : पसंतीची चाचणी

साधन साधंच असतं. तीन कप्प्यांचा खोका घ्या. मधल्या कप्प्यात निवड करणारा प्राणी, दोन टोकांना दोन प्रजातींचा एकेक संभाव्य जोडीदार. यातही तीन पातळ्या आहेत. एकीत फक्त वास (भुसा किंवा मूत्राचा थेंब), दुसरीत जाळीआडचा प्राणी, तिसरीत प्रत्यक्ष भेट आणि समागमाची मोकळीक. खालच्या पातळीवरचं उत्तर वरच्या पातळीवर टिकेलच असं नाही. शक्य असेल तर तिन्ही करा. एकच करता येत असेल तर तिसरी करा, मात्र टोकाच्या नरांना आपापल्या कप्प्यात अडकवून फक्त मादीला ये-जा करता येईल अशी दारं ठेवा. असं केलं की नरांची मारामारी टळते आणि जे दिसतं ते मादीचंच मत असतं.

मादी माजावर आहे का, हे आधी पाहा. घरउंदरात हे चक्र चार ते पाच दिवसांचं असतं. योनीतल्या द्रवाचा पातळ थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ऐन माजात सपाट, केंद्रकहीन पेशींचा खच दिसतो. माज नसलेली मादी दोन्ही नरांना सारखीच झिडकारते आणि ‘पसंती नाही’ असा खोटा निकाल हाती येतो.

टोकाचे दोन नर वयाने आणि अनुभवाने सारखे हवेत, आणि मादीचे नातलग नकोत. वजनातला फरक प्रजातींचाच असेल तर तो पुसता येत नाही. अशा वेळी मोठ्या प्रजातीतले त्यातल्या त्यात लहान नर आणि लहान प्रजातीतले मोठे नर घेऊन काही चाचण्या कराव्यात, म्हणजे मादी प्रजाती निवडते की अंगकाठी, याचा अंदाज येतो.

तेच दोन नर वीस माद्यांपुढे ठेवू नका. त्यातला एक नर नुसताच देखणा, आपलं ‘सुवासिक’ म्हणू, असला तर वीस माद्यांचा कौल त्या एका नराबद्दल असेल, प्रजातीबद्दल नाही. दर चाचणीला नवी जोडी घ्या, निदान कोणता नर किती वेळा वापरला ते लिहा आणि विश्लेषणात धरा.

डाव्या-उजव्या बाजू आलटून-पालटून वापरा. माझ्या एका सुरुवातीच्या मालिकेत सगळ्याच माद्या डावीकडे वळत होत्या आणि आम्ही दोन दिवस खूष होतो. उजव्या भिंतीमागे शीतकपाटाचं यंत्र घरघरत होतं, बाकी काही नाही. दर चाचणीनंतर खोका ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. निशाचर प्राण्यांची चाचणी त्यांच्या रात्रीत, मंद लाल उजेडात करा, कारण लाल रंग त्यांना जेमतेम दिसतो.

काय मोजायचं हे चाचणीआधी ठरवून लिहा: कोणत्या बाजूला किती वेळ, पहिली भेट कोणाशी, समागम कोणाशी. चित्रफीत पाहून नोंदी करणाऱ्याला कोणत्या बाजूला कोण आहे हे माहीत नसावं.

आता आकडेमोड. समजा १२ माद्यांपैकी ९ जणींनी स्वतःच्या प्रजातीचा नर निवडला. ऐकायला भारी वाटतं, पण नाणं उडवूनही दोन्हीपैकी एका बाजूला ९ किंवा जास्त कौल पडण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. १२ पैकी १० असतील तर ती ४ टक्क्यांच्या आत येते. एका मादीने निकाल पालटतो, एवढ्या लहान गटात हे होणारच. म्हणून प्राण्यांची संख्या आधी ठरवा, आणि ‘अजून दोन करून पाहू’ हा मोह टाळा. ज्या माद्यांनी कोणालाच निवडलं नाही त्यांचा आकडाही द्या.

आणि चाचणी दोन्ही प्रजातींच्या, शक्यतो नर आणि माद्या दोन्हींच्या बाजूने करा. उत्तर बहुधा एकतर्फी येतं. घरउंदरांच्या संकर पट्ट्यात मस्क्युलसची स्वकीयांबद्दलची पसंती डोमेस्टिकसपेक्षा जास्त पक्की आढळली आहे. पट्ट्यापासून दूरच्या उंदरांत ही निवड तितकी ठळक नसते. जिथे चुकीच्या जोडीदाराची किंमत मोजावी लागते तिथेच चोखंदळपणा वाढतो, अशी याची एक संगती लावली जाते. म्हणून प्राणी संपर्काच्या जागेजवळून आणले की लांबून, हे न लिहिलेला निकाल अर्धाच.

पसंती कशावर बेतलेली आहे हे शोधायचं असेल तर खुणा एकेक करून सुट्या करा. नर घरउंदराच्या मूत्रात विशिष्ट प्रथिनं मोठ्या प्रमाणावर असतात. त्यातल्या एका प्रथिनाला, मादीला त्या नराकडे ओढणाऱ्या गुणामुळे, २०१० मध्ये एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीच्या नायकावरून ‘डार्सिन’ असं नाव मिळालं. शास्त्रज्ञांनाही कधीकधी चावटपणा सुचतो. लाळेतल्या प्रथिनांचाही उपप्रजाती ओळखण्याशी संबंध जोडला गेला आहे. नर उंदीर मादीपुढे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत गातात. ते ध्वनिमुद्रित करायला दर सेकंदाला निदान अडीच लाख नमुने घेणारं यंत्र लागतं, म्हणजे सव्वाशे किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. साध्या ध्वनिमुद्रकावर निव्वळ शांतता मिळेल.

पायरी ७ : पर्याय नसलेली जोडी

रानात दुर्मीळ असलेल्या प्रजातीच्या मादीला कित्येकदा स्वकीय नर भेटतच नाही. म्हणून एक मादी आणि एकच नर, अशा चार प्रकारच्या जोड्या लावा: दोन स्वकीय, दोन परकीय. पहिला तासभर नजर हटवू नका. चावाचावी रक्तापर्यंत गेली तर जोडी तोडा आणि ‘समागम नाही, आक्रमण’ अशी स्वतंत्र नोंद करा. घरउंदरात समागमानंतर मादीच्या योनीत घट्ट बूच तयार होतं. रोज सकाळी ते तपासा, दुपारपर्यंत थांबलात तर गळून गेलेलं असू शकतं.

मिळालेल्या आकड्यांवरून अलगतेचा निर्देशांक काढा. सगळ्या समागमांपैकी परकीयांचा वाटा किती ते पाहा, त्याची दुप्पट करा आणि ती १ मधून वजा करा. उत्तर १ आलं तर भिंत पूर्ण, ० आलं तर भिंतच नाही, उणे आलं तर परक्याचीच ओढ जास्त. यात दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच संख्येने लावलेल्या आहेत, असं गृहीत आहे.

पायरी ८ : संकर दोन्ही दिशांनी, पण जपून

आई कोणत्या प्रजातीची आणि बाप कोणत्या, याने कृंतकांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डिअर माउसची मादी आणि ओल्डफील्ड माउसचा (पेरोमिस्कस पोलिओनोटसचा) नर यांची पिल्लं जगतात, पण लहानखुरी असतात आणि त्यांची वारही छोटी असते. जोडी उलटी केली की वार आणि गर्भ बेसुमार वाढतात आणि बहुतेक गर्भ दगावतात. काही जनुकं फक्त बापाकडून आलेली असतील तरच चालतात, काही फक्त आईकडून आलेली. स्थूलमानाने पहिली वाढीला रेटा देतात आणि दुसरी लगाम लावतात. डिअर माउसची मादी अनेक नरांशी रत होते, ओल्डफील्ड माउस एका जोडीदाराशी राहतो. त्यामुळे पहिल्या प्रजातीत रेटा आणि लगाम दोन्ही जोरकस झाले, दुसऱ्या प्रजातीत दोन्ही सौम्य राहिले. जोरकस रेट्यासमोर सौम्य लगाम आला की वाढ आवरत नाही, अशी ही उपपत्ती आहे.

फोडोपस कॅम्पबेली आणि फोडोपस सुंगोरस या खुज्या हॅमस्टरांमध्ये तर एका दिशेच्या संकरात गर्भ इतके फुगतात की आईचाही जीव जातो. उलट दिशेने पिल्लं नेहमीच्या आकाराची जन्मतात. हे दोन्ही हॅमस्टर लोक हौसेने पाळतात आणि दिसायला सारखे असल्याने त्यांची सरमिसळही होते. ‘एकत्र ठेवून पाहू काय होतं’ असा प्रयोग घरी कोणीही करू नये.

प्रयोगशाळेत करत असाल तर पहिल्या दोन-तीन माद्यांवर थांबा. रोज वजन घ्या आणि नेहमीच्या गर्भकाळाशी ताडून पाहा. घरउंदरात तो १९ ते २१ दिवसांचा असतो. पोट अवाजवी फुगलं, मादी कुबड काढून बसली किंवा मुदत उलटली, तर पशुवैद्याने ठरवलेल्या सीमेवर प्रयोग थांबवा. ती दिशा ‘घातक’ म्हणून नोंदवायला तेवढा पुरावा पुरतो.

पायरी ९ : संकरित पिल्लं मोठी झाल्यावर

जन्मलेली पिल्लं धडधाकट दिसली म्हणून काम संपत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलेला नियम असा: संकरित पिढीत एका लिंगाचे प्राणी नसतील, दुर्मीळ असतील किंवा नापीक असतील, तर ते बहुधा दोन वेगवेगळी लिंग-गुणसूत्रं असलेल्या लिंगाचे असतात. सस्तन प्राण्यांत ते नर. म्हणून संकरित नर आणि मादी यांचे आकडे कधीही एकत्र करू नका.

नराच्या वृषणांचं वजन शरीराच्या वजनाच्या प्रमाणात घ्या, शुक्राणू मोजा, आणि मग त्याला दोन्ही मूळ प्रजातींच्या, पिल्लं देतात हे सिद्ध झालेल्या माद्यांबरोबर ठेवून वेत होतं का पाहा. घरउंदरात अशा नापीकपणाचं एक जनुकीय स्थान १९७४ मध्ये वर्णन केलं गेलं आणि त्यामागचं जनुक, पीआरडीएम-नाइन, २००९ मध्ये सापडलं. शुक्राणू घडताना गुणसूत्रांची अदलाबदल कुठे व्हावी हे ते ठरवतं. इथेही दिशा आणि वाण दोन्ही महत्त्वाचे. पीडब्ल्यूडी या मस्क्युलस वाणाची मादी आणि वर आलेल्या ब्लॅक-सिक्स वाणाचा नर यांचे मुलगे नापीक निघतात. जोडी उलटी केली तर तसे पूर्ण नापीक निघत नाहीत. त्यामुळे एका आई-बापाच्या संकरावरून अख्ख्या प्रजातीबद्दल विधान करू नका, निदान चार-पाच वेगळ्या ठिकाणचे वंश घ्या.

संकरिताच्या वर्तनाकडेही पाहा: तो कोणाला निवडतो, त्याला कोण निवडतं. ओल्डफील्ड माउस लांब बीळ खणतो आणि मागे निसटण्याची वाट ठेवतो, डिअर माउसचं बीळ आखूड. पहिल्या पिढीतला संकर ओल्डफील्डसारखंच बीळ खणतो, म्हणजे तो गुण मधलाअधला न राहता एका बाजूला झुकतो. संकरित ‘अर्धा-अर्धा’ असेल हे गृहीतक सोडून द्या.

पायरी १० : डीएनए काय सांगतो

रानातल्या नमुन्यांवर तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, वाय गुणसूत्र फक्त बापाकडून आणि बाकीची गुणसूत्रं दोघांकडून. तिन्हींची उत्तरं जुळत नसतील, तर संकर कोणत्या दिशेने झाला हे त्यातूनच कळतं.

फक्त मायटोकाँड्रियावर विसंबणं धोक्याचं. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या बँक व्होलमध्ये शेजारच्या तांबड्या पाठीच्या व्होलचा मायटोकाँड्रियल डीएनए आढळतो, बाकी सगळ्या अंगाने प्राणी बँक व्होलच. कुठल्याशा जुन्या संकराची ती खूण आहे, आजच्या समागमाची नव्हे.

किती खुणा, म्हणजे दोन प्रजातींत वेगळ्या असणाऱ्या डीएनएमधल्या जागा, तपासायच्या? दोन प्रजातींना अचूक वेगळं करणाऱ्या, एकमेकींपासून लांब असलेल्या चारच खुणा घेतल्या, तर पहिल्या बॅकक्रॉसच्या (संकरिताची मूळ प्रजातीशी पुन्हा जोडी लागून झालेल्या पिढीच्या) दर १६ प्राण्यांत एक चक्क शुद्ध दिसेल. दुसऱ्या बॅकक्रॉसमध्ये प्रत्येक खुणेवर शुद्ध दिसण्याची शक्यता पाऊण असते. म्हणजे दहा खुणांनी सुमारे साडेपाच टक्के प्राणी निसटतात, वीस खुणांनी हजारी तीन.

मग प्रत्येक प्राण्यासाठी दोन आकडे काढा: एका प्रजातीच्या जनुकांचा वाटा, आणि किती खुणांवर दोन्ही प्रजातींची एकेक प्रत आहे ते प्रमाण. पहिल्या पिढीचा संकर वाट्यात ०.५ आणि प्रमाणात १ वर बसतो. दुसऱ्या पिढीतले ०.५ आणि ०.५ च्या आसपास, बॅकक्रॉस ०.२५ किंवा ०.७५ वाट्यावर आणि ०.५ प्रमाणावर. वाटा आडवा आणि प्रमाण उभं धरून आलेख काढला की त्रिकोण दिसतो. सगळे ठिपके शेंड्यावरच असतील तर संकर होतो पण पुढे प्रजा वाढत नाही. ठिपके खालच्या कोपऱ्यांकडे पसरले असतील तर जनुकं पलीकडे जात आहेत.

पट्ट्याच्या रुंदीवरूनही नैसर्गिक निवडीच्या जोराचा अंदाज येतो. संकरितांविरुद्ध निवड होत असेल तर रुंदी म्हणजे प्राण्याच्या पिढीमागच्या स्थलांतराचं अंतर गुणिले, आठला निवडीच्या गुणांकाने (म्हणजे संकरिताच्या तोट्याने) भागून येणाऱ्या आकड्याचं वर्गमूळ. समजा प्राणी पिढीमागे एक किलोमीटर सरकतो आणि संकरिताचा तोटा १० टक्के आहे, तर पट्टा सुमारे नऊ किलोमीटर रुंद.

सगळी जनुकं मात्र या पट्ट्यात सारखी अडत नाहीत. मस स्प्रेटस या अल्जेरियन उंदरातून घरउंदरात गेलेलं वॉरफरिन या विषाला दाद न देणारं व्हीकेओआरसी-वन जनुक २०११ मध्ये दाखवलं गेलं, स्पेनमध्ये आणि जर्मनीतही. या दोन प्रजातींच्या संकरातले नर नापीक असतात. तरीही एवढं उपयोगी जनुक माद्यांमार्फत भिंत ओलांडून गेलं.

पायरी ११ : भिंती घडतात त्या क्रमाने जोडा

शेवटी प्रत्येक अडथळ्याचा स्वतंत्र निर्देशांक हाती असतो. त्यांची सरळ बेरीज करू नका, प्राण्याच्या आयुष्यात ते ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लावा. उदाहरणादाखल समजा अधिवासाची अलगता ०.६, पसंतीची ०.५ आणि संकराच्या नापीकपणाची ०.५ आली. अधिवासाने ०.६ भाग अडवला, उरला ०.४. त्यातला निम्मा, म्हणजे ०.२, पसंतीने अडवला. उरलेल्या ०.२ पैकी ०.१ नापीकपणाने. एकूण ०.९. पसंती आणि नापीकपणा यांचे निर्देशांक सारखे असूनही प्रत्यक्षातलं योगदान दुप्पट-निम्मं निघालं, कारण पसंतीची पाळी आधी येते.

हा आकडा कायमचा समजू नका. उडत्या खारींमध्ये दक्षिणी प्रजाती, ग्लॉकोमिस व्होलान्स, हवामान उबदार होऊ लागल्यावर उत्तरेकडे सरकली आणि कॅनडातल्या ओंटारिओमध्ये तिचा उत्तरी प्रजातीशी, ग्लॉकोमिस सॅब्रिनसशी, संकर होत असल्याचं २०१० मध्ये समोर आलं. अधिवासाची भिंत खचली की पुढच्या भिंतींवरचा भार वाढतो. म्हणून सापळ्यांच्या रांगेचे ठिकाणबिंदू जपा, दर काही वर्षांनी त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा सापळे लावा, आणि प्रत्येक कानाच्या तुकड्याचा अर्धा भाग उणे ८० अंशांच्या शीतकपाटात वेगळा ठेवा. नळीवर शिसपेन्सिलीने लिहा, अल्कोहोल सांडलं की शाईचं लिखाण पुसलं जातं.